खुणेचा धागा

रुग्ण: स्त्री. वय: अठ्ठावन्न. उंची: चार फूट अकरा इंच. वजन: घेतले नाही, काटा दुरुस्तीस गेला आहे. चष्मा: आहे, वाचण्याचा. वाचन: नाही. व्यवसाय: घरकाम. ओळखीची खूण: नाही. तक्रार: अंगदुखी.

दवाखान्याच्या पिवळ्या कार्डावरचं हे वर्णन सर्वस्वी नियमानुसार आहे. व्यवसायाचं तेवढं चुकलं, पण त्यात कारकुनाचा दोष नव्हता. त्यानं रीतसर विचारलं होतं, "काय करता?" बाईंनी रीतसर सांगितलं होतं, "भोकं बुजवते." कारकुनानं पेन थोडा वेळ हवेत धरलं आणि मग ‘घरकाम’ लिहून टाकलं.

बाई रफूगार होत्या. एकाच लाँड्रीत एकतीस वर्षं. कोट उंदरानं कुरतडला, गळपट्ट्याला कसर लागली, पँटवर सिगारेटची ठिणगी पडली, की कपडा यांच्याकडे यायचा. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे उसवून घ्यायचे आणि भिंगाखाली, एक वर एक खाली, भोकात नवं कापड विणायचं. काम झाल्यावर भोक कुठं होतं हे बोटालासुद्धा कळता कामा नये. यात एकच अडचण होती. गिऱ्हाइकं भांडायची.

"अहो, इथं भोक होतं."

"होतं."

"मग तुम्ही केलंत काय?"

आपण काम केलं याचा पुरावा मागे ठेवायचा नाही, हेच ज्या धंद्यातलं कसब, त्यात नाव होणं कठीण. तरी दुकानात एक नाव पडलंच: गायबकाकू. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं.

काकूंचे यजमान त्याच लाँड्रीत मागच्या खोलीत इस्त्रीला होते. त्यांना सगळे कडकराव म्हणत. माणूस इतका मऊ, की मांडीवर झोपलेलं मांजर उठवायचं त्यांच्या जिवावर येई. कडक असायच्या त्या त्यांच्या हातच्या कॉलरी. इस्त्री झाली की शेवटची तपासणीही त्यांचीच.

या दोघांना जोडणारा एक लाल धागा होता. हे काव्य नाही, दुकानाचा नियम आहे. कपडा आला की काकू तो खिडकीच्या उजेडात धरून प्रत्येक भोकाभोवती लाल धाग्याचे कच्चे टाके घालत, कारण दिव्याखाली बारीक भोकं लपतात आणि रफू करताना नेमकी राहून जातात. रफू झालं तरी खूण तशीच ठेवायची. कपडा मागच्या खोलीत जायचा. तिथं कडकराव चिमट्यानं एकेक खूण उपटत, वाफ देत, घडी घालत. उपटलेले धागे पुन्हा वापरायला एका पत्र्याच्या डब्यात. भिंतीवर पाटी होती: ‘खुणेसकट कपडा गिऱ्हाइकाच्या हाती जाणार नाही.’

एवढ्या वर्षांत कडकरावांच्या हातून एकच खूण निसटली होती. एका वकिलाच्या कोटाच्या मागच्या काठाला बोटभर लाल धागा राहिला आणि वकील तसाच कोर्टात उभा राहिला. खटला हरला. धाग्याचा त्यात संबंध नव्हता हे स्वतः वकिलानं येऊन सांगितलं, पण कडकरावांचं समाधान झालं नाही. तेव्हापासून ते प्रत्येक कपडा दोनदा बघायचे.

काकूंचं दुखणं कधी सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कपड्याची उलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, ही सवय त्यांनी स्वतःच्या अंगालाही लावून घेतली होती. मुलगी लांबच्या गावी नोकरीला. ती रविवारी फोन करायची.

"आई, आवाज का असा?"

"मला काय धाड भरलीय? तू जेवलीस का?"

पण एका सकाळी सुईत दोरा ओवताना काकूंच्या हातातून सुई पडली, ती उचलायला त्या वाकल्या आणि तशाच थोडा वेळ वाकून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दवाखाना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळी दहालाच दमलेल्या होत्या. बाहेरच्या बाकांवर चाळीस माणसं होती.

"कुठं दुखतं, काकू?"

काकूंनी हात डाव्या कुशीवर ठेवला, तिथून पाठीकडे नेला, खांद्यापर्यंत नेऊन मांडीवर परत आणला.

"म्हणजे सगळीकडे."

"सगळीकडे नाही. एका जागी पण नाही."

"बरं, एक ते दहामध्ये किती?"

"दहा म्हणजे केवढं?"

"अजिबात सहन होत नाही, ते दहा."

"सहन होत नसतं तर दोन तास बाकावर बसले असते का?"

"मग चार लिहू?"

"लिहा. तुम्ही शिकलेल्या."

मग एक कागद पुढे आला. त्यावर माणसाची आकृती छापली होती, पुढून एक, मागून एक. दोघांनाही तोंड नव्हतं, बोटं नव्हती, आणि दोघंही ठणठणीत दिसत होते. दुखतं तिथं फुली मारायची होती. काकूंनी फुली मारली, चष्मा लावून ती निरखली आणि त्यांचं समाधान झालं नाही.

"फुलीनं जागा कळली. पण भोक केवढं, कडा कशा, धागा तुटलाय की जळलाय, हे कुठं लिहायचं?"

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "तेच मला हवंय, काकू. मोठं मशीन वरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. नुसतं ‘अंग दुखतं’ म्हणून मी कुणाला तिथं पाठवलं तर ते परत पाठवतात. कसं दुखतं ते नीट कळलं, तर मला ठासून लिहिता येईल. तीन आठवड्यांनी, मंगळवारी या. तोवर या गोळ्या घ्या, आणि लिहून आणा."

लिहून आणा! चौथीनंतर काकूंनी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तरी त्या कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागं पेन्सिल घेऊन बसल्या. अर्ध्या तासात ‘दुखते’ असं लिहून झालं. त्याच्याआधी ‘फार’ घातलं. मग ‘फार’ खोडलं, कारण ती बढाई वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गुंडाळायचा खाकी कागद पसरला आणि शिंप्याच्या चपट्या खडूनं रेघा ओढायला सुरुवात केली. काउंटरवाली मुलगी डोकावली. ती दुकानात नवी होती, म्हणजे नऊ वर्षांची जुनी.

"काकू, ही नदी का?"

"पाठ आहे माझी."

"आणि हे डोंगर?"

"ते रात्रीचं. मुकाट्यानं जेव."

चार कागद झाले. रेघा बऱ्या होत्या, पण कागदाला ओढ नसते. दुखणं ओढतं, आवळतं, सैल सोडतं. कागद नुसता पडून राहतो. पाचव्या दिवशी काकूंनी घरी आपला जुना फिका निळा गाऊन बाहेर काढला.

रीत त्यांनी स्वतःच बसवली. दुपारच्या सुट्टीत, कडकराव दुकानात असताना, घरी येऊन गाऊन अंगात घालायचा आणि आरशासमोर उभं राहायचं. कळ आली की ती जिथून निघाली, जिथं गेली, तिथं तिथं खडू फिरवायचा. कळ गेली की गाऊन उतरवायचा आणि खडूच्या रेघेवर सुई चालवायची. धागा डब्यातलाच, खुणेचा, लाल. टाके कच्चेच, कारण दुखणं जागा बदलायचं आणि मग उसवून पुन्हा घालावे लागायचे. खांद्याकडे जाणाऱ्या कळेला लांब धावदोरा. मुंग्यांना गाठीचे टाके, शेजारी शेजारी, राईएवढे. जळजळीला उलटसुलट तिरके टाके, इतके दाट की खालचं कापड दिसू नये. मांडीवर एक जागा बधिर होती. तिच्याभोवती नुसतं कुंपण घातलं आणि आत काहीच शिवलं नाही. डाव्या कुशीत मात्र त्यांनी टाके घालून दोरा जिवाच्या आकांतानं ओढला आणि गाठ मारली. कापड गोळा होऊन तिथं मुठीएवढी चुणी पडली. ती चुणी घालायला तीन दुपारी लागल्या, कारण आधीच्या दोन त्यांना कमी वाटल्या.

आणि सगळं सुलट्या बाजूनं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दिसावं म्हणून शिवत होत्या.

शेवटचा हात फिरवायला गाऊन दुकानात आणला, तेव्हा काउंटरवालीनं तो पाहिला. ती काही विनोद करायला आली होती, तो राहिला. नकळत तिचा हात स्वतःच्या डाव्या कुशीवर गेला.

"काकू... असं होतं तुम्हाला?"

"हं."

"कधीपासून?"

"ते खांद्याचं नवीन आहे. ही चुणी जुनी."

मुलीनं चुणीला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"अगं, चावत नाही ती तुला," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. समोरच्याला कळलं होतं, एक शब्द न लिहिता. डॉक्टरीणबाईंनाही कळणार.

"कडककाकांना दाखवलंत?"

"नको बाई. ते रडत बसतील, आणि मग इस्त्री कोण करील?"

मंगळवारी काकू नंबर लावायला सकाळीच दवाखान्यात गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "अहो, खुंटीवर पिशवी आहे, रांगेतल्या रेटारेटीत नको म्हणून ठेवलीय. त्यात गाऊन आहे, तो तेवढा बाराला येताना आठवणीनं आणा."

"आणतो की."

कडकरावांनी पिशवीत पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. गाऊन चोळामोळा झाला होता. दवाखान्यात ठेवून घेतलं तर लागेल म्हणून घेतला असणार. आणि इस्त्रीवाल्याची बायको असला गाऊन घालून खाटेवर पडणार? ते तो घेऊन दुकानात गेले.

टेबलावर पसरल्यावर त्यांना लाल टाके दिसले. एक नाही, दोन नाही, छातीपासून गुडघ्यापर्यंत. "अरे बापरे," ते स्वतःशीच म्हणाले, "एवढी भोकं पडली होती याला?" मग त्यांनी सवयीनं रफू तपासलं. खुणेच्या आत बोट फिरवलं, गाऊन उलटा करून पाहिला, खिडकीशी धरून पाहिला. एक भोक सापडेना. कापड जसं विणलं होतं तसंच होतं. एकतीस वर्षं ते तिचं काम बघत होते, पण असं काम त्यांनीही पाहिलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. काउंटरवालीला बोलावून दाखवावं असं मनात आलं, पण पुढं गिऱ्हाईक उभं होतं.

ते चिमटा घेऊन बसले. गाठीच्या खुणा चिवट होत्या; कापडाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी त्या सुईच्या टोकानं एकेक सोडवल्या. दाट टाके दोन दोन करून उपटले. कुशीतली गाठ कापली, दोरा ओढून काढला, तरी चुणी जाईना. तीनदा वाफ द्यावी लागली. खडूची पूड ब्रशनं झटकली. मग गाऊन दोनदा तपासला, पुठ्ठ्यावर घडी घातली, कागदी पट्टी लावली. उपटलेले धागे डब्यात गेले. डबा जवळजवळ भरला.

साडेबाराला दोघं डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले होते.

"आणलंत का काकू, लिहून?"

"लिहून नाही. पण आणलंय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीत हात घातला. हाताला पुठ्ठा लागला. तेव्हाच त्यांना कळलं असावं. पण पट्टी त्यांनी सोडली, घडी उलगडली आणि गाऊन टेबलावर पसरला.

निळा, स्वच्छ, कडक गाऊन. धुळीचा कण नाही.

डॉक्टरीणबाईंनी गाऊनकडे पाहिलं, मग काकूंकडे. "छान आहे. नवीन?"

"नाही. जुनाच."

शेजारी कडकराव पाठ ताठ करून बसले होते. शाळेच्या बक्षीस समारंभात आईबाप बसतात तसे. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. बोलता आलं असतं. ‘यावर माझं दुखणं होतं, ते यांनी काढून टाकलं,’ एवढंच वाक्य. ते त्यांच्या तोंडातून निघालं नाही. त्यांनी गाऊनची घडी घातली, होती तशीच.

"मग कसं आहे आता? एक ते दहा?"

"चार."

"गेल्या वेळीपण चारच होतं. म्हणजे वाढलेलं नाही." डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लिहिलं: ‘विशेष नाही. गोळ्या चालू ठेवणे.’ बाहेर त्रेचाळीस माणसं होती.

परत येताना रस्त्यात कडकराव म्हणाले, "सगळ्या खुणा काढल्या बरं का मी. एक ठेवली नाही."

"नाही. एकही नाही राहिली."

"ती एक चुणी मात्र हट्टी होती."

"होतीच," काकू म्हणाल्या. "दमला असाल. चहा घेऊ कुठंतरी."

पुन्हा शिवायला त्या बसल्याच नाहीत असं नाही. एकदा बसल्या. पण तोवर बोटं थरथरायला लागली होती, आणि वाकडा टाका घालणं हे त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं. काउंटरवालीनं विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?" तर म्हणाल्या, "बघितला त्यांनी गाऊन. छान आहे म्हणाल्या." यात खोटं काहीच नव्हतं.

सात महिन्यांनी काकू दुकानाच्या पायरीवर पडल्या आणि वरच्या दवाखान्यात पोचल्या. तिथलं मोठं मशीन त्यांच्यासाठी दहा मिनिटं चाललं. मग ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी तिथल्या सर्जननं येऊन जांभळ्या शाईच्या पेनानं त्यांच्या अंगावर खूण केली: डाव्या कुशीत एक गोल, तिथून मागे जाणारी एक रेघ.

कडकराव पायाशी उभे होते. त्यांनी गोल पाहिला, रेघ पाहिली. आयुष्यभर ज्या माणसानं खुणा काढल्या, तो कुठली खूण कुठं होती हे विसरत नाही. सर्जन गेल्यावर ते स्टुलावर बसले.

"अगं, तो निळा गाऊन..."

"हं."

"त्याच्यावर खुणा होत्या."

"होत्या."

"कशाच्या गं?"

"भोकांच्या. दुसऱ्या कशाच्या असतात?"

"पण गाऊनला भोक नव्हतं. एकही नव्हतं. मी उजेडात धरून बघितलं."

काकूंनी पांघरूण जांभळ्या गोलावर ओढून घेतलं.

"गाऊनला नव्हती," त्या म्हणाल्या.

कडकरावांचा चेहरा बघून त्यांनीच मग हात लांब करून त्यांचा हात धरला. "अहो, डॉक्टरांना दाखवायला केलं होतं. दाखवूनही काही झालं असतंच असं नाही. उगीच वकिलाच्या कोटासारखं मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी त्यांना उघडलं आणि काही न करता परत शिवलं; करण्यासारखं उरलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर काकूंनी ड्रेसिंग बदलताना स्वतःच्या पोटावरचे टाके मान वाकडी करून पाहिले. "किती लांब लांब घातलेत," त्या आपल्या मुलीला म्हणाल्या. मुलगी रात्रीच गावाहून आली होती. "रफू काही शिकवत नाहीत वाटतं यांना." मुलगी हसली आणि तोंड फिरवून खिडकीपाशी गेली.

ऑपरेशननंतर एकोणिसाव्या दिवशी काकू गेल्या. दुपारी, गर्दीच्या वेळेत.

कडकरावांनी गाऊन शोधून काढला. खिडकीशी धरला. सुईची भोकं तरी दिसतील अशी त्यांना आशा होती. पण सुती कापडाला नीट वाफ दिली की सुईची भोकं मिटून जातात. नव्या माणसांना हे तेच शिकवत. मग त्यांनी दुकानात जाऊन पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. त्यातले धागे सात महिने वापरात होते. कोटांवर लागले होते, उपटले होते, पुन्हा लागले होते. काउंटरवाली शेजारी येऊन बसली. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत धागे निवडले, आणि कुठला काकूंचा ते दोघांनाही सांगता आलं नाही.

मृत्यूची नोंद करायला कडकराव एकटेच गेले. कारकून दुसरा होता, रकाने तेच. वय, उंची, व्यवसाय. ‘घरकाम’ आधीच लिहिलेलं होतं. पिवळ्या कार्डावरून उतरवून घेतलं होतं.

"ओळखीची खूण?" कारकुनानं विचारलं.

"अंगावर की कपड्यावर?"

"काका, अंगावर. कपड्यावर कोण खूण बघतं?"

"मग नाही," कडकराव म्हणाले, आणि कारकुनानं तसं लिहिलं.

खुणा होत्या. त्या कडकरावांनी एका मंगळवारी, सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, एकही न ठेवता काढल्या होत्या.